मास्तरांचा आवाज

श्यामकांत खांबेटे यांना पाच प्रकारचं मोडकं बंगाली बोलता यायचं. मारवाडी सावकाराचं, बिहारी दरवानाचं, पंजाबी ड्रायव्हरचं, मद्रासी कारकुनाचं आणि काबुली हिंगवाल्याचं. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी 'जरा पाणी देता का' हे एकच वाक्य पाचही प्रकारे म्हणून दाखवलं. दर वेळी खांदे वेगळे, मान वेगळी, तहानसुद्धा वेगळी. मग सहाव्यांदा ते वाक्य त्यांनी बागबाजारच्या स्वच्छ बंगालीत म्हटलं आणि खुर्चीत बसले.

"हे सहावं कुणी घेत नाही," ते म्हणाले.

ही १९७० सालची गोष्ट. मी पुण्याहून मराठीत एम.ए. करून बँकेच्या नोकरीवर कलकत्त्याला आलो होतो आणि बालीगंजला एका खोलीत राहत होतो. तिथल्या मराठी मंडळात बहुतेक माणसं बदलीवर आलेली. केंद्र सरकारचे अधिकारी, बँकेचे, विमा कंपनीचे. मी एकटा, रविवार मोकळा, म्हणून गणेशोत्सवाच्या पत्रिका वाटायचं काम माझ्याकडे आलं. उत्तर कलकत्त्याच्या यादीत एकच घर होतं. खांबेटे, बागबाजार.

त्यांचे वडील वाईहून आले होते, सर्वेक्षण खात्यात नकाशे काढायला. ते १९२२ साल. श्यामकांत तिथंच जन्मले, तिथल्याच बंगाली शाळेत शिकले. वडील गेल्यावर बडाबाजारात एका कागदाच्या व्यापाऱ्याकडे पत्रव्यवहाराची नोकरी धरली. गुरुवार, शनिवार, रविवार हातीबागानच्या थिएटरात नाटक. मधल्या दिवसांत बोलावणं आलं तर टॉलीगंजच्या स्टुडिओत सिनेमातलं छोटं काम. सारी गल्ली त्यांना श्यामदा म्हणायची. मीही म्हणू लागलो.

त्यांचं घर ज्या गल्लीत होतं तिच्याखाली एके काळी मराठ्यांच्या भीतीनं खणलेला खंदक होता. ते हसून सांगायचे, "आमची वाट बघून बघून लोकांनी खंदक बुजवला. मग आम्ही आलो. भाडेकरू म्हणून."

घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. लग्न केलेलं नव्हतं. आईंचं नाव शारदाबाई, आम्ही माई म्हणायचो. गल्लीतल्या बायका त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत. पन्नास वर्षं बंगालात काढून माई नऊवारीच नेसत, आणि त्यांचं मराठी वाईच्या घाटावरून कालच आल्यासारखं होतं. डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं.

माईंनी मुलाचं नाटक एकदाच पाहिलं होतं, डोळे होते तेव्हा, सत्तावन्न सालात. ऐतिहासिक नाटक होतं. बंगालात मराठा स्वाराला बर्गी म्हणतात आणि मुलांना निजवायला त्याची भीती घालतात. श्यामदा मराठी, तेव्हा बर्गी त्यांनीच व्हायचं, हे थिएटरच्या मालकानं ठरवूनच टाकलेलं. पहिल्या अंकाच्या शेवटी ते दोन हातांत दोन मशाली घेऊन गाव जाळायचे. माईंच्या शेजारी बसलेल्या बाईनं स्टेजवरच्या बर्गीला शाप दिला. मग तिनं माईंच्या नऊवारीकडे पाहिलं आणि आपल्या मुलीला उठवून पलीकडच्या खुर्चीवर बसवलं.

माई मध्यंतरातच घरी आल्या. श्यामदा परतले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माणसाचं काम मिळालं की मला बोलाव."

श्यामदांनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं, विनोद सांगावा तसं. पुढं ओळख वाढल्यावर लक्षात आलं की ते बाकी काहीही विसरतील, हे वाक्य विसरणार नाहीत. सोळा वर्षं ते माणसाच्या कामाची वाट पाहत होते. डोळे गेल्यावर माईंनी आपल्या अटीत थोडा बदल केला होता. "आता बघायचं नाही उरलं. ऐकेन."

मी त्यांच्याबरोबर पुष्कळदा थिएटरात गेलो. विंगेत उभा राहून पाहायचो. नक्षलवादी चळवळीचे, बॉम्ब फुटायचे ते दिवस होते. प्रयोगाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. तरी श्यामदा दरवान होऊन आत आले की लोक हसायचे. आणि हशा आला की ते थांबायचे. पूर्ण थांबायचे, डोळासुद्धा हलायचा नाही. हशा विरायला लागला, अगदी शेवटची एक-दोन माणसं उरली, की पुढचं वाक्य. त्यावर परत हशा.

मी एकदा विचारलं, हे कसं जमतं. ते म्हणाले, "हसणारा माणूस सोडायचा नसतो. तो आपणहून आलेला असतो. त्याला परत पाठवणारा नट उपाशी मरतो."

मला ते वाक्य आवडलं. मी ते वहीत लिहून ठेवलं.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात त्यांना काम मिळालं.

नीरेनबाबू नावाचे एक दिग्दर्शक होते. फार मोठे नाहीत, फार लहान नाहीत. त्यांच्या चित्रपटात एका खेड्यातल्या बंगाली मास्तराची भूमिका होती. म्हातारा, विधुर, शाळेतून काढून टाकलेला. सात प्रसंग. मास्तराला नाव होतं, घर होतं, मरण होतं. ठरलेला नट आजारी पडला आणि शूटिंग चार दिवसांवर आलेलं. नीरेनबाबूंनी श्यामदांना विचारलं, साधं बंगाली बोलता येतं का.

श्यामदा मला म्हणाले, "अठ्ठेचाळीस वर्षं त्याच्याच शहरात राहतो. त्यानं विचारलं, येतं का."

"मग काय म्हणालात?"

"म्हणालो, प्रयत्न करीन."

बोलपूरजवळच्या एका गावात अकरा दिवस शूटिंग झालं; तेवढे दिवस श्यामदांनी थिएटरात बदली नट दिला. मी एका रविवारी जाऊन आलो. श्यामदा धोतर नेसून एका पडक्या शाळेच्या पायरीवर बसले होते आणि समोरच्या रिकाम्या अंगणाला शिकवत होते. मी त्यांना ओळखत होतो तरी मला ते क्षणभर ओळखू आले नाहीत. आवाज खालचा, थोडा घोगरा. एकही शब्द वाकडा नाही. कॅमेरा थांबला तरी दिवे धरणारी माणसं दिवे खाली करायला विसरली.

तिथं रस्त्यावरून बैलगाड्या जायच्या, कुत्री भुंकायची. आवाज नुसता खुणेपुरता धरून ठेवत. सगळे संवाद नंतर कलकत्त्यात, स्टुडिओत, पडद्यावर स्वतःचे ओठ बघत पुन्हा बोलायचे, असं ठरलं होतं. सगळ्यांनाच ते करावं लागणार होतं. चित्रपट पुढच्या वर्षी दुर्गापूजेला लागणार होता.

श्यामदांनी माईंना सांगितलं, पूजेला तुला न्यायचं आहे. माई म्हणाल्या, "कसला माणूस आहे?"

"मास्तर आहे."

"गाव वगैरे जाळत नाही ना?"

"नाही माई. सही करतो, पगार घेतो आणि मरतो."

माई खूप हसल्या. त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येक बाईला त्यांनी सांगितलं की श्याम आता मास्तर झाला आहे.

आता माझी चूक सांगतो.

दर वर्षी गणेशोत्सवात मंडळाचं मराठी नाटक व्हायचं. दर वर्षी तालमी अर्ध्यावर आल्या की एखाद्या नटाची बदली व्हायची. चौऱ्याहत्तर साली मुख्य भूमिकेतले गृहस्थ जुलैत भोपाळला गेले. भूमिका निवृत्त बापाची, मुलगा परदेशी गेलेला. नाटक बसवणारे श्रीकांत पारसनीस, हिशेब खात्यात मोठ्या जागेवर, माणूस सज्जन. मी त्यांना श्यामदांचं नाव सुचवलं. पारसनीस म्हणाले, नट उत्तमच असणार, पण त्यांच्या मराठीला बंगाली हेल आहे, लोकांना चालेल का. मी म्हणालो, हेल मी घालवतो.

मी मराठीचा एम.ए. होतो. मला वाटलं, हेल जातो.

दोन महिने रोज सकाळी बँकेत जाण्याआधी मी बालीगंजहून बागबाजारला जात होतो. श्यामदा वाक्य म्हणायचे, मी थांबवायचो, माई खाटेवरून तेच वाक्य म्हणून दाखवायच्या. हेल एका शब्दातून गेला की पुढच्या शब्दात जाऊन बसायचा. पण श्यामदांनी जन्मात पहिल्यांदा मराठी नाटक हातात घेतलं होतं. ते एखाद्या मुलासारखे पाठ करायचे. त्यांना वाटत होतं की माईंना दोन गोष्टी ऐकवता येतील. आधी मराठीत बाप, मग बंगालीत मास्तर. एक जरी साधलं तरी पुरे, असं ते एकदा म्हणाले. दोन्ही साधणार आहे, असं मी म्हणालो.

त्यांच्या घरी फोन नव्हता. स्टुडिओला त्यांनी माझ्या बँकेचा नंबर दिला होता. नाटकाच्या आधीच्या बुधवारी फोन आला. रविवारी सकाळी नऊ ते एक, मास्तराच्या संवादांचं डबिंग. तोच रविवार. आमचं नाटक सकाळी दहाला होतं, कारण दुपारी तीनला श्यामदांचा हातीबागानला प्रयोग असायचा.

मी संध्याकाळी जाऊन सांगितलं. श्यामदांनी हातातलं नाटकाचं पुस्तक उपडं ठेवलं. मग म्हणाले, स्टुडिओत जायला हवं.

मी म्हणालो, नाटकाची तारीख बदलता येत नाही, डबिंगची येते. तुम्ही नीरेनबाबूंकडे दुसरा दिवस मागा.

"मी कधी काही मागितलेलं नाही."

"म्हणूनच मागा. इतक्या वर्षांत एकदा."

"म्हणूनच कामं मिळतात, मुकुंद," ते म्हणाले.

मी तासभर बोलत राहिलो. पारसनीस काय करतील, मंडळ काय म्हणेल, माईंनी पहिल्या रांगेतल्या खुर्चीची कशी चौकशी केली होती. शेवटी माई खाटेवरून म्हणाल्या, "दोघंही ओरडू नका. मला काय, दोन्ही ऐकायचंय." श्यामदा दुसऱ्या दिवशी नीरेनबाबूंकडे गेले. परत येऊन म्हणाले, बाबू म्हणाले, बघतो. त्यांच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ काय होतो ते त्यांना माहीत होतं. मला नव्हतं. मी म्हणालो, बघा, झालं ना.

रविवारी एका शाळेच्या सभागृहात दोनशे माणसं होती. माईंना मी पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी जरीकाठाची नऊवारी नेसली होती आणि कानावरचे केस मागे घेतले होते, ऐकायला नीट यावं म्हणून.

पहिला प्रवेश बरा गेला. दुसऱ्यात बाप मुलाचं पत्र वाचतो. मुलानं लिहिलं आहे की तो आता येणार नाही. श्यामदांनी पत्र उघडलं, चष्मा पुसला, आणि वाचू लागले. तिसऱ्या वाक्यात हेल आला. मागच्या रांगेत दोन-तीन मुलं खुदकन हसली. मग त्यांच्या आया हसल्या. कुणी वाईट नव्हतं. ती माणसं रोज बाजारात, ट्रॅममध्ये, ऑफिसात हाच हेल ऐकत होती, आणि तो एकाएकी मराठी बापाच्या तोंडून आला.

श्यामदा थांबले.

मी विंगेत पुस्तक धरून उभा होतो. मला वाटलं ते वाक्य विसरले. मी वाक्य पुटपुटलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते हशा विरायची वाट बघत होते. शेवटची एक-दोन माणसं उरली तेव्हा त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं, आणि हेल मुद्दाम वाढवून म्हटलं. सभागृहात हशा फुटला. ते पुन्हा थांबले. पुन्हा म्हटलं. पत्र वाचून संपलं तेव्हा लोक डोळे पुसत होते, हसून हसून.

त्यानंतर दोन तास ते मोडकं मराठी बोलले. मोडक्या बोलीचा सहावा प्रकार त्यांनी तिथल्या तिथे तयार केला. बंगाली बाबू मराठी बोलायला जातो, तो. बापाचं मरणसुद्धा लोकांनी हसत पाहिलं. असं नाटक मंडळात कधी रंगलं नव्हतं. पडदा तीन वेळा वर न्यावा लागला. पारसनीसांनी त्यांना मिठी मारली आणि म्हणाले, खांबेटे, तुम्ही आमचं नाटक वाचवलंत. ते अगदी मनापासून म्हणाले.

श्यामदांनी रंग पुसला आणि तीनच्या प्रयोगाला गेले. माईंना मी टॅक्सीनं घरी पोचवलं. श्यामबाजार आलं तेव्हा त्यांनी कानावरचे केस पुन्हा पुढे घेतले. मग विचारलं, "तिथं हातीबागानलाही हसतात ना रे असेच?"

मी हो म्हणालो.

"इथंही त्याला तेच करावं लागलं?"

मी म्हणालो, लोकांना फार आवडलं. माई म्हणाल्या, "ते ऐकलं मी."

पुढं महिनाभर मी बागबाजारला गेलो नाही. गेलो नाही म्हणजे धजलो नाही. पूजा झाली. चित्रपट लागला. कोजागरीच्या लक्ष्मीपूजेआधी श्यामदांचीच चिठ्ठी आली. बुधवारी दुपारच्या खेळाला ये, माई म्हणते तूही हवास. चिठ्ठीत थिएटरचं नाव भवानीपूरचं होतं. चित्रपट त्यांच्या घराजवळ, चालत दहा मिनिटांवर, चालू होता. ते सोडून माईंना टॅक्सीत घालून शहराच्या या टोकाला का आणताहेत, मला कळेना. मला वाटलं, माझ्या सोयीसाठी.

थिएटर अर्धं रिकामं होतं. माई मधे बसल्या, त्यांच्या एका बाजूला श्यामदा, दुसऱ्या बाजूला मी. चित्रपट सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी पडद्यावर ती पडकी शाळा आली. पायरीवर मास्तर बसले होते. त्यांनी तोंड उघडलं.

आवाज श्यामदांचा नव्हता.

चांगला आवाज होता. भारदस्त, कमावलेला, रेडिओवर ऐकू येतो तसा. ओठांशी नीट जुळत होता. मी वळून श्यामदांकडे पाहिलं. ते समोर बघत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. माई मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या, वाट बघत होत्या.

मध्यंतरात त्यांनी विचारलं, "तुझं काम कधी आहे?"

"पुढं आहे," श्यामदा म्हणाले.

दिवे गेले. मास्तरांना शाळेतून काढून टाकतात तो प्रसंग आला. ते शेवटच्या वेळी हजेरी घेतात. वर्गात कुणी नसतं, तरी एकेक नाव घेतात. श्यामदांचा चेहरा सबंध पडदाभर होता. डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा दिसत होता. माई त्यांच्याकडे झुकल्या.

"श्याम, अजून नाही?"

पडद्यावर मास्तरांनी वहीचं पान उलटलं.

"माई, माझं काम कापलं," श्यामदा म्हणाले.

"सगळं?"

"सगळं. सिनेमात होतं असं."

माईंनी त्यांचा हात शोधला आणि धरला. मास्तर मुलांची नावं घेतच होते. थोड्या वेळानं माई म्हणाल्या, "हा मास्तर मात्र फार छान बोलतो." मग पदरानं डोळे टिपले. त्या खरोखर रडत होत्या. "असं काम तुला मिळायला हवं होतं."

"हो," श्यामदा म्हणाले.

मी तिथं बसलो होतो.

माईंना टॅक्सीत बसवल्यावर श्यामदांनी मला बाजूला घेतलं. घराजवळच्या थिएटरात गल्लीतलं कुणीतरी माईंना सांगून टाकलं असतं, ते म्हणाले. नाटकानंतरच्या सोमवारी ते स्टुडिओत गेले होते. डबिंग आदल्या दिवशीच झालं होतं. वेळ ठरलेली, माणूस आला नाही, दुसरा बोलावला. नीरेनबाबू रागावलेले नव्हते. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, तुमचं बंगाली निर्दोष आहे श्यामबाबू, पण लोक तुमचा आवाज ऐकला की हसायला लागतात. मास्तर बोलला आणि लोक हसले असते तर चित्रपट गेला असता. तुम्ही आला असतात तरी मी बहुधा हेच केलं असतं.

बहुधा, असं ते म्हणाले. या एका शब्दाच्या आधारानं मी पुढं कितीतरी दिवस काढले. श्यामदांनी त्याचा आधार घेतल्याचं दिसलं नाही. त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

पंचाहत्तर सालच्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात टेलिव्हिजन सुरू झालं. श्यामदा तेव्हा पन्नाशीला आले होते. टीव्हीवर नाटकं व्हायची आणि त्यांत दरवान लागायचे, सावकार लागायचे. तिथं डबिंग नव्हतं. जो बोलेल त्याचाच आवाज. श्यामदांना महिन्याआड काम मिळू लागलं. ते मास्तराचा विषय कधी काढत नसत. मंडळानं पुढच्या दोन्ही वर्षी त्यांना नाटकात बोलावलं, विनोदी भूमिकेसाठी. दोन्ही वेळा ते गेले. दोन्ही वेळा लोक हसले.

सत्याहत्तरच्या मार्चमध्ये माझी नागपूरला बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला गेलो. श्यामदा माझ्यासाठी संदेश, ती बंगाली मिठाई, आणायला खाली उतरले होते. माई खाटेवर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मुकुंद, एक विचारू? तू होतास तिथं, म्हणून विचारते."

मी बसलो.

"त्या दिवशी मी मास्तराचं कौतुक केलं. ते श्यामला लागलं असेल का रे?"

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. त्या म्हणाल्या, गल्लीतल्या बायकांनी दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं. माशीमा, तुमचा श्याम मास्तर म्हणून काय शोभला, आवाज तेवढा दुसऱ्या कुणाचा घातला म्हणे. बायका चांगल्या मनानं सांगायला आल्या होत्या.

"मग तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?"

"काय विचारायचं? तो म्हणाला कापलं. मग कापलं."

जिन्यात पावलं वाजली. माईंनी ओठांवर बोट ठेवलं.

त्या संध्याकाळी टीव्हीवर श्यामदांचं एक नाटक होतं, आधीच रेकॉर्ड केलेलं. तळमजल्यावरच्या औषधवाल्यांकडे गल्लीतला एकुलता सेट होता. आम्ही दोघांनी माईंना खुर्चीसकट खाली नेलं. खोलीत वीस-पंचवीस माणसं दाटीनं बसली होती. त्यांनी माशीमांना पुढं जागा करून दिली. श्यामदा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले.

त्यांचं काम तीन वाक्यांचं होतं. फाटक उघडायचं आणि बाबू घरात नाहीत असं सांगायचं. दरवानानं पहिला शब्द उच्चारला आणि माईंची मान वर झाली. खोलीत हशा पिकला. पडद्यावर श्यामदा थांबले होते. स्टुडिओत प्रेक्षक नव्हते, कुणी हसलेलं नव्हतं, तरी ते तेवढा वेळ थांबले होते. इथं शेवटचा माणूस हसायचा थांबला आणि तिथं त्यांनी दुसरं वाक्य म्हटलं.

माईंचा हात त्यांच्या डोक्यावर होता.

"हा तू," त्या म्हणाल्या.

"हो माई."

फाटक बंद झालं. काम संपलं. श्यामदांनी मान न वळवता विचारलं, "कसं झालं?"

माईंनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला.

"आवाज तुझाच होता," त्या म्हणाल्या.

औषधवाल्यांच्या सुनेनं हसत विचारलं, माशीमा काय म्हणाल्या. श्यामदांनी तिला स्वच्छ बंगालीत सांगितलं, म्हणते, छान झालं.